तंदुरुस्तीचा दाखला

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘स्पर्धा आणि आरोग्य’ या विषयावर काही लिहावे असे सुचविले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एखादा रोग आला नाही; एक कागद आला. त्या कागदाखाली माझी सही आहे, नोंदणी क्रमांकासह शिक्का आहे, आणि मजकुराप्रमाणे मी त्या मुलाची तपासणी केलेली आहे. प्रत्यक्षात मी ती केलेली नव्हती.

२०१५ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आवरत आली असताना एका पदवीपूर्व महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक अकरा अर्ज घेऊन आले. जिल्हास्तरीय कुस्तीस्पर्धा चार दिवसांवर होती. सर परिचयाचे, सज्जन. नोकरी हंगामी, आणि ती पुढच्या वर्षी टिकायची तर पोरांनी पदके आणणे आवश्यक. “मुलं बाहेर रिक्षात आहेत, डॉक्टरसाहेब, बोलावू का?” असे त्यांनी विचारले होते, हे मला त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मी घड्याळ पाहिले आणि सह्या केल्या. वय, उंची, वजन हे रकाने आधीच भरलेले होते. ते वजन काट्यावरचे नसून ज्या गटात उतरायचे त्या गटाचे आहे, हे कळायला मला अर्ध्या मिनिटाचा विचार पुरला असता.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या अकरांपैकी एकाला त्याच्या आईवडिलांनी उचलून आणले. वय साडेसोळा. पोटऱ्या लाकडासारख्या कडक, बोलणे असंबद्ध, ताप १०३.६, आणि आईने बाटलीत आणलेली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. चार किलो उतरविण्यासाठी दीड दिवस त्याने पाणी सोडले होते; स्वेटरवर प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून तालमीच्या बंद खोलीत दोरीवरच्या उड्या मारल्या होत्या; शिवाय एका मित्राच्या आजोबांची रक्तदाबाची, लघवी वाढविणारी गोळी घेतली होती. बाहेर बेळगावचा पाऊस पडत होता, हवेत गारवा होता. उष्णतेचा आजार उन्हाळ्यातच होतो ही समजूत आपण डॉक्टरांनी तरी टाकून द्यावी. सीपीके अठ्ठावीस हजार, क्रिएटिनिन ३.१. सलाईन, लघवीवर लक्ष, पोटॅशियमची धास्ती. नवव्या दिवशी मूत्रपिंडे पूर्ववत झाली, डायलिसिसची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा भानावर आल्यावर वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “उद्याची कुस्ती धरता येईल का हो?” मी त्यांच्यावर संतापलो. आज त्या संतापाची मला लाज वाटते. कारण सोयीसाठी न तपासता सही करणारा मी, त्यांच्याहून वरचढ कुठे ठरत होतो?

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचन आपोआप अमेरिकेकडे वळले. महाविद्यालयीन खेळ हा तिथे प्रचंड व्यवसाय आहे. विद्यापीठांची फुटबॉल मैदाने लाखलाख प्रेक्षकांची असतात. हा त्यांचा फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळायचा, धडकांचा खेळ. खेळ मोठा, म्हणून दडपण मोठे. पण तिथे नोंदीही होतात आणि चौकश्याही होतात. आपल्याकडे जे रिक्षात बसून राहते, ते तिथे अहवालात उतरते.

माझ्या रुग्णाचे जुळे भाऊ मला १९९७ सालच्या घटनांविषयीच्या एका अहवालात भेटले. त्या वर्षी नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत, जेमतेम पाच आठवड्यांच्या अवधीत, नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरविताना मरण पावले. वये १९, २२ आणि २१. तिघांनीही अन्नपाणी तोडले होते. घाम बाहेर जाऊ न देणारा रबरी पोशाख आत, त्यावर सुती पोशाख, आणि गरम जागेत अखंड व्यायाम. तिघेही निरोगी होते. त्यांच्या तंदुरुस्तीविषयी कोणालाच शंका नव्हती. जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने हंगामाच्या मध्यावरच नियम बदलले : रबरी पोशाख, सॉना, लघवीच्या गोळ्या यांवर बंदी, आणि वजन घ्यायचे ते आदल्या दिवशी नव्हे, लढतीच्या तास-दोन तास आधी. हा शेवटचा बदल मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वजन आणि लढत यांच्यात रात्र असली की मुलगा आटून घेतो आणि रात्रीतून पाणी भरून काढू पाहतो. ती रात्रच काढून टाकली. पुढे मूत्राची घनता १.०२० च्या आत असल्याशिवाय हंगामाचा किमान वजनगट ठरवायचा नाही, असाही नियम आला. व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका वेळापत्रकाने साधले.

वजन उतरविण्याचा हा प्रश्न जगातून संपला, असे अर्थातच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी नियमाच्या क्रूरपणाविषयी बोलून घेतले. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत, आणि तिला शुष्कतेसाठी उपचार घ्यावे लागले, याविषयी बोलणारे मला थोडेच भेटले.

परंतु ज्या प्रकरणाने मला खरोखर अस्वस्थ केले, ते मेरिलँड विद्यापीठातले. २९ मे २०१८ रोजी तिथल्या फुटबॉल संघाचा सुट्टीनंतरचा सराव होता. जॉर्डन मॅकनेअर, वय १९, धिप्पाड देहाचा खेळाडू. ११० यार्डांच्या दहा धावा काढायच्या होत्या. शेवटच्या धावांच्या सुमारास तो कोलमडू लागला. सहकाऱ्यांनी आधार देऊन त्याला चालविले. लक्षणे दिसू लागल्यापासून तो मैदानाबाहेर जाईपर्यंत ३४ मिनिटे गेली, आणि रुग्णवाहिका तिथून निघेपर्यंत १ तास ३९ मिनिटे. या काळात त्याचे खरे, म्हणजे गुदद्वारातले, तापमान कोणी मोजले नाही. थंड पाण्याच्या टबात त्याला ठेवले नाही. पुढे त्याचे यकृत निकामी झाले, यकृताचे प्रत्यारोपणही करून पाहिले, आणि १३ जून रोजी तो गेला.

इथे बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणासमोरही असा रुग्ण येऊ शकतो. श्रमजन्य उष्माघात म्हणजे शरीराच्या गाभ्याचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर आणि त्याबरोबर मेंदूच्या कार्यात बिघाड : गोंधळ, चिडचिड, शिवीगाळ, अडखळणे, कोसळणे. पाठ्यपुस्तकातली ‘कोरडी, तापलेली त्वचा’ इथे फसविते. असा मुलगा बहुधा घामाने निथळत असतो. काखेतले, कपाळावरचे तापमान भरवशाचे नाही. पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो बर्फाच्या पाण्याचा : मुलगा मानेपर्यंत बुडवायचा, डोके धरून ठेवायचे, पाणी हलवीत राहायचे, आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आणायचे. आधी थंड करणे, मग रुग्णालयात हलविणे; हा क्रम आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. अमेरिकेतल्या फॅलमथ येथील वार्षिक धावशर्यतीत अठरा वर्षांत अशा २७४ रुग्णांवर जागच्या जागी या पद्धतीने उपचार झाले आणि २७४ ही जगले. आपल्या मैदानांवर टब नसतो. पण चार माणसांनी कडा उचलून धरलेली ताडपत्री, विहिरीचे किंवा टँकरचे पाणी आणि मासळीबाजारातला बर्फ एवढ्यावर काम भागते.

म्हणजे मेरिलँडच्या त्या मुलाला वाचविणारी गोष्ट दुर्मीळ किंवा महाग नव्हती. विद्यापीठात प्रशिक्षित माणसे होती, साधने होती, लेखी पद्धतीही होती. मग ती चौतीस मिनिटे कशात गेली? मला वाटते, पाहण्यात गेली. परंतु पाहणारे डोळे जिंकण्याच्या शिस्तीत तयार झालेले होते. अशा संघात थकणे आणि कच खाणे यांत फरक करण्याची सवयच मोडलेली असते. अडखळणारा मुलगा आजारी दिसत नाही, मागे पडलेला दिसतो. आणि मागे पडलेल्याला पुढे ढकलणे हे तर तिथे प्रेमाचे, बंधुत्वाचे लक्षण मानले जाते. त्याला धरून चालविणारे मित्र दुष्ट नव्हते. पुढे नेमलेल्या आयोगानेही संघाच्या वातावरणाला सरसकट विषारी म्हणण्याचे टाळले. बोलायला खेळाडू घाबरत होते आणि त्यामुळे दोष साचत गेले, असा काहीसा त्याचा निष्कर्ष होता.

यानंतरचा भाग राजकारणाचा आहे. तिथल्या राज्य विद्यापीठांच्या नियामक मंडळावरचे बहुतेक सदस्य गव्हर्नर नेमतो. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी मुलाच्या आईवडिलांना भेटून चुकीची कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली. असे जाहीरपणे करणारे कुलगुरू मी आपल्याकडे पाहिलेले नाहीत. ३० ऑक्टोबरला मात्र नियामक मंडळाने रजेवर पाठविलेल्या मुख्य प्रशिक्षकाला परत घेण्याचा कौल दिला, आणि अध्यक्ष निवृत्त होणार असल्याचे जाहीर झाले. निवडणूक ६ नोव्हेंबरला होती. गावोगाव संताप उसळला. पुन्हा निवडून येऊ इच्छिणाऱ्या गव्हर्नरांनी फेरविचार करण्यास जाहीरपणे सांगितले. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लोह यांनी प्रशिक्षकाला काढून टाकले, आणि १ नोव्हेंबरला मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. गव्हर्नर निवडून आले. एका मुलाच्या मृत्यूचा हिशेब दोन दिवसांत लागला, कारण मतदान सहा दिवसांवर होते. ते सहा महिन्यांवर असते तर काय झाले असते, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

लोह यांना नायक करून हा परिच्छेद संपविता आला असता. पण २०१८ मध्येच वृत्तपत्रांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, खेळाडूंवर देखरेख ठेवणारे वैद्यकीय साहाय्यक क्रीडाविभागाऐवजी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अखत्यारीत द्यावेत असा प्रस्ताव होता, आणि तो लोह यांनीच पुढे जाऊ दिला नव्हता. ज्याला सामना जिंकायचा आहे त्याच्याच हाताखाली, ‘हा मुलगा आज खेळणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस ठेवला गेला. त्या दिवशी मैदानावर कोणी काय चुकले, याहून मला ही जुनी फाईल अधिक महत्त्वाची वाटते. गंमत अशी की, २०१६ मध्येच तिथल्या मोठ्या पाच क्रीडासंघांच्या गटाने वैद्यकीय निर्णयांवर प्रशिक्षकाची मात्रा चालू नये असा नियम केलेला होता. नियम कागदावर होता. वेतन आणि बढती दुसरीकडून येत होती.

मैदानावर जे घडते, ते निवडणुकीतही घडते. जिथे ठरलेल्या तारखेला जिंकायचेच असते, तिथे डॉक्टरच्या कागदाला अचानक भाव येतो. सर्वांत ठळक उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले : रक्तदाब १८६/१०८, हृदय वाढलेले, डावा कप्पा थकलेला. ब्रुएन यांनी डिजिटॅलिस आणि विश्रांती सुचविली. राष्ट्राध्यक्षांचे मुख्य डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आणि नौदलाचे सर्जन जनरल. जनतेला त्यांनी सांगितले की, वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. ब्रुएन यांना गप्प राहण्याची आज्ञा होती; रुग्णाने स्वतःही कधी काही विचारले नाही. नोव्हेंबरात रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. युद्ध चालू असताना, अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांच्यावर सारा भार पडला. ब्रुएन यांनी आपल्या नोंदी १९७० साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तो लेख वाचताना मला त्यांचा राग येत नाही. आज्ञेबाहेर जाता न येणारा कनिष्ठ नौदल अधिकारी, आणि समोर महायुद्ध! मॅकिंटायर यांच्याविषयी मात्र असे म्हणवत नाही. ते डॉक्टर राहिलेच नव्हते. प्रचारक झाले होते.

जॉन केनेडी यांचे प्रकरण अधिक कौशल्याचे. त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचे निदान १९४७ मध्ये लंडनमध्ये झाले. १९५४ साली त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी असताना शस्त्रक्रिया कशी निभावली, याविषयी शल्यविशारदांनी १९५५ मध्ये शोधनिबंधही लिहिला. रुग्णाचे नाव अर्थात नव्हते, ‘३७ वर्षांचा पुरुष’ एवढेच. १९६० साली पक्षांतर्गत विरोधकांनी हा विषय काढला, तेव्हा केनेडी यांच्या बाजूने उत्तर आले की, त्यांना ‘अभिजात’ ॲडिसनचा आजार नाही. क्षयरोगाने ग्रंथी नष्ट होणे हा त्या आजाराचा जुना अर्थ. त्या अर्थाने विधान खोटे नव्हते. त्या निवडणुकीतले मताधिक्य सव्वा लाखांहूनही कमी होते. एका विशेषणाने किती मते राखली, हे कोणाला सांगता येणार?

१९९२ मध्ये पॉल सोंगास हे उमेदवार न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी जिंकले. १९८६ मधल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ते कर्करोगमुक्त आहेत, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. १९८७ मध्ये एका गाठीत आजार परतला होता आणि त्यावर उपचारही झाले होते, हे नंतर बाहेर आले. सोंगास निवडून आले असते, तर त्यांची पहिली कारकीर्द २० जानेवारी १९९७ ला संपली असती. ते १८ जानेवारी १९९७ रोजी वारले.

इथे कोणी रास्त आक्षेप घेईल की, रुग्णाचे गुपित राखणे हा तर आपला धर्म आहे. आहेच. केनेडी यांच्या डॉक्टरांनी तोंड मिटून घेतले असते, तर माझी काही तक्रार नव्हती. मौन पाळणे वेगळे आणि रुग्णाच्या विजयासाठी असत्यावर सही करणे वेगळे. पहिल्यात आपण रुग्णाचे असतो, दुसऱ्यात त्याच्या पक्षाचे होतो. माझ्या अकरा अर्जांच्या बाबतीत मी नेमका कोणाचा होतो, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मुलांचा नव्हतो, कारण त्यांना मी पाहिलेच नव्हते. पालकांचाही नव्हतो. मी त्या संध्याकाळी संघाचा होतो, आणि तेही संघाने न मागता.

आता टेबलाशेजारी वजनकाटा असतो. कुस्तीचा अर्ज आला की मुलगा अंतर्वस्त्रांत काट्यावर उभा राहतो, लघवीची घनता पाहिली जाते, आणि वजनाचा रकाना मी स्वतःच्या हाताने भरतो. रकान्यातले वजन आणि काट्यावरचे वजन यांत दोन टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल तर सही होत नाही. ही मर्यादा माझी मीच ठरविली आहे. कोणाला ती कडक वाटेल, कोणाला सैल. एका मुलामागे दहा मिनिटे जातात आणि त्याचे पैसे मी घेत नाही. घेतले तर मीही कोणाचा तरी नोकर होईन, अशी भीती वाटते. ती कदाचित अवास्तव असेल.

मागच्या हंगामात दुसऱ्या एका महाविद्यालयाचे शिक्षक नऊ मुलांना घेऊन आले. काटा पाहताच दोघे लघवीला म्हणून बाहेर गेले ते परतले नाहीत. पाच जणांच्या अर्जांवर मी सही केली. उरलेल्या दोघांना पुढच्या वजनगटात खेळा, असे सांगितले. सर हसून “बघतो” म्हणाले. स्पर्धेच्या दिवशी मैदानावर गेलो, तेव्हा नऊही मुले भरलेल्या गटांतच उतरली होती. चार अर्जांवर निराळी सही होती. शिक्का आपल्याच गावातला होता, आणि त्यावरचे नाव या स्मरणिकेच्या सभासदयादीत आहे.